आण्याच्या सावळारामाचं अनुमोदन

आण्याच्या पठारावर सावळाराम आहे तोवर एकही ठराव पडणार नाही! हे दुसरं कोणी म्हणत नव्हतं, सावळाराम स्वतःच म्हणायचा, आणि तेही छाती पुढे काढून. पण खोटं नव्हतं बरं का ते! ग्रामसभा असो, दूध सोसायटी असो, नाहीतर यात्रेच्या आमटीत मिरची किती टाकायची याची बैठक असो. कुणीतरी ठराव मांडायचा, सरपंच विचारायचे, "अनुमोदन कुणाचं?" की जमलेली सगळी माणसं खाली वाकून चपला शोधायला लागायची. ठरावाला पाठिंबा दिला म्हणजे सही आली, आणि सही आली म्हणजे उद्याची भानगड आपल्या गळ्यात! तेवढ्यात मागून खणखणीत आवाज यायचा, "माझं अनुमोदन! सावळाराम गेणभाऊ, मुक्काम आणे!"

मुक्काम सांगायची काही गरज नव्हती. बसलेले सगळे आण्याचेच होते. पण ठसका पाहिजे ना!

एका वर्षी विहिरीचा गाळ काढावा या ठरावाला त्याने अनुमोदन दिलं, आणि गाळ काढू नये या ठरावालाही त्यानेच दिलं. सरपंचांनी कपाळाला हात लावला. सावळाराम म्हणाला, "मांडणाऱ्याचं तोंड पडू नये राव! भर सभेत माणूस उभा राहतो आन् कुणी हूं की चूं करत न्हाई, ही काय रीत झाली?"

घरात मात्र त्याची गाडी फाटकातच अडायची. "आज पिठलं करावं, असा माझा ठराव हाय," तो ओसरीवरून म्हणायचा.

"वांगी चिरल्यात," आतून धोंडाबाई.

"आगं, पण अनुमोदन..."

"अनुमोदनानं चूल पेटत न्हाई. लाकडं आणा!"

उभ्या संसारात धोंडाबाईने नवऱ्याच्या एकाही ठरावाला अनुमोदन दिलेलं नव्हतं.

या दोघांची नात हर्षाली. घराण्यातली कॉलेजात गेलेली पहिली पोरगी! पठारावरच्या गावांनी पदरमोड करून नवं कॉलेज काढलं होतं, तिथेच ती शिकत होती. कॉलेज गावात, पण विद्यापीठाच्या परीक्षेचं केंद्र जुन्नरला. दोन हजार साल उलटलं, गावात एसटीडीचे बूथ झाले, पण परीक्षेला जायचं म्हणजे पहाटेच्या अंधारात एसटीची वाट बघणं काही सुटलं नाही. आणि त्या वर्षी ऐन अर्थशास्त्राच्या पेपरला एसटी घाटात बसली. पोरगी दुधाच्या टेम्पोत किटल्यांना धरून जुन्नरला पोचली तेव्हा फाटक बंद झालेलं होतं. वर्ष गेलं! घरी येऊन हर्षालीने पुस्तकं पोत्यात भरली आणि माळ्यावर टाकली. "केंद्र गावात आलं तरच परीक्षेला बसंन आबा, न्हाईतर न्हाई," एवढंच म्हणाली आणि शेळ्यांना पाला टाकायला गेली.

सावळाराम त्या दिवशी जेवला नाही. साऱ्या गावाच्या ठरावांना आधार देणारा माणूस, आणि नातीच्या पोत्यापुढे हात चोळत बसला!

पण कॉलेजात प्राध्यापक महंमद हनीफ होते. जुन्नरचे राहणारे, अर्थशास्त्र शिकवणारे, आणि त्याच वर्षी प्राध्यापकांच्या मतांवर विद्यापीठाच्या अधिसभेवर निवडून आलेले. अधिसभा म्हणजे काय ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी गुलाल उधळला होता. हनीफसर एका संध्याकाळी ओसरीवर येऊन बसले. "काका, मी अधिसभेत प्रस्ताव मांडतोय. आण्याला परीक्षा केंद्र मिळावं."

"मांडा की! पर ही अधिसभा म्हंजी काय ओ सर?"

आणि इथेच, मंडळी, सरांचा पाय घसरला! शिक्षक पडले, सोपं करून सांगायची खोड. "अधिसभा म्हणजे विद्यापीठाची ग्रामसभा समजा काका. कुलगुरू म्हणजे सरपंच. कुलसचिव म्हणजे ग्रामसेवक, सगळं दप्तर त्यांच्याकडे. व्यवस्थापन परिषद म्हणजे पंचायतीची बॉडी. कोणत्या वर्षी काय पेरायचं, ते अभ्यासमंडळातले प्राध्यापक ठरवतात, आणि विद्यापरिषद त्यावर शिक्का मारते. पण अधिसभेत उभं राहून विचारलं, की कुलगुरूंनाही उत्तर द्यावं लागतं!"

"सरपंचाला जाब? वा! आन् ठरावाला अनुमोदन लागतं का?"

"लागतं तर! डिंभ्याकडचे आदेशसर देणार आहेत, तेही अधिसभेवर आहेत."

 डिंभ्याच्या एसटीचा भरवसा किती, ते सावळारामाला माहीत होतं. त्याने मनातल्या मनात फेटा बांधायला घेतला.

सभेच्या दिवशी गावातून कमांडर जीप भरून निघाली. हर्षालीलाही ओढून बसवलं. सावळारामाने लग्नातलं धोतर, पांढरा फेटा आणि हातात काठी, असा थाट केला होता. विद्यापीठाची ती दगडी इमारत बघून बाकीचे दबकले, पण हा सरळ मोठ्या दारावर गेला. दारावरच्या शिपायाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. खेड्यापाड्यांतल्या शिक्षण संस्थांचे अध्यक्ष असेच तर येत, फेटा, काठी आणि कपाळावर आठ्या! शिपायाने अदबीने विचारलं, "अध्यक्षसाहेब ना?"

"व्हय," सावळाराम म्हणाला. तो भजनी मंडळाचा अध्यक्ष होताच. कशाचा, ते शिपायाने विचारलं नाही!

बाकीचे वर प्रेक्षकांच्या सज्जात गेले, आणि आपले सावळारामभाऊ खाली सभागृहात, तिसऱ्या रांगेत, गुबगुबीत खुर्चीवर! पुढ्यात फाइल आली, चहा आला, बिस्किटं आली. शेजारच्या प्राचार्यांनी नमस्कार केला. यानेही केला आणि म्हणाला, "आमच्या ग्रामसभेपेक्षा सोय बरी हाय!" प्राचार्यांना वाटलं, खवचट बोलणारा मुरलेला सदस्य दिसतोय. ते जरा सावरून बसले.

हनीफसरांनी मागे वळून बघितलं आणि त्यांच्या हातातला कागद खाली पडला. त्यांनी डोळ्यांनी खुणावलं, "वर जा!" सावळारामाने डोळ्यांनीच उत्तर दिलं, "घाबरू नका, मी हाय!"

सभा सुरू झाली. एकेक विषय पुढे सरकला, आणि हनीफसर उभे राहिले. प्रस्ताव झोकात मांडला. कुलगुरू म्हणाले, "अनुमोदन?"

आदेशसरांची खुर्ची रिकामी! डिंभ्याची एसटी आलीच नव्हती. हनीफसर इकडे बघतात, तिकडे बघतात. आण्याचं केंद्र म्हणजे कुणाच्या घरचं कार्य? कुणी फाइल चाळू लागलं, कुणी चष्मा पुसू लागलं. सावळाराम थक्क झाला. एवढी शिकलेली माणसं, आणि हीसुद्धा चपलाच शोधतात!

"अनुमोदक नसेल तर प्रस्ताव..." कुलगुरूंनी सुरुवात केली.

"माझं अनुमोदन! सावळाराम गेणभाऊ, मुक्काम आणे!"

सभागृह दणाणलं. सज्जातून आण्याच्या मंडळींनी टाळ्या पिटल्या. हर्षालीने ओढणीत तोंड लपवलं. कुलगुरूंना वाटलं, असतील कुणी नवे संस्थाचालक. ते म्हणाले, "अनुमोदकांनी दोन शब्द बोलावेत."

दोन शब्द! ग्रामसभेत त्याला कधी कुणी बोलू दिलं नव्हतं, नुसती सही घ्यायचे. सावळारामाने काठी खुर्चीला टेकवली. "मी काय बोलणार साहेब? गेल्या साली माझ्या नातीचा पेपर व्हता. यष्टी घाटात बसली. पोरगी किटल्यांत बसून जुन्नरला गेली, तर फाटक बंद. तिथल्या मास्तरांची चूक न्हाई, नियम तो नियम. पर माझ्या हर्षालीला पेपर येत नव्हता आसं न्हाई. यष्टीला घाट येत नव्हता! नापास यष्टी झाली आन् निकाल पोरीचा लागला. तिनं पुस्तकं माळ्यावर टाकल्यात साहेब. ती खाली काढायची हायेत, बास!"

 मग कुणीतरी बाक वाजवला, आणि बघता बघता सगळं सभागृह बाक वाजवू लागलं. वर सज्जात हर्षाली रडत होती आणि हसतही होती.

इथे सगळं आटोपलं असतं, पण प्रत्येक सभेत एक हरकतवाले सदस्य असतातच. हरकतीचा मुद्दा घेतल्याशिवाय त्यांना चहा पचत नसे. ते उठले. "हरकतीचा मुद्दा! हे सन्माननीय सदस्य कोणत्या मतदारसंघातून आलेत?"

"जुन्नर!" सावळाराम.

"विधानसभेचा नव्हे हो! प्राध्यापक, प्राचार्य, संस्थाचालक की पदवीधर?"

"यातलं मी कायबी न्हाई. मी शेतकरी. पर ही विद्यापीठाची ग्रामसभा हाय न्हवं? गावसभेला गावातलं कुणीबी बोलतं. आमच्या हनीफसरांनीच सांगितलंय!"

सगळ्या माना हनीफसरांकडे वळल्या. सर खुर्चीतल्या खुर्चीत इतके खाली सरकले, की नुसता भांग दिसत राहिला! मग काय विचारता! "घटनाबाह्य!" "घुसखोरी!" "अहो, पण बोलले चांगलं!" कुलसचिव कायद्याचं पुस्तक उलटंसुलटं चाळू लागले. शिपाई दारातून नाहीसा झाला. अखेर कुलगुरूंनी टेबल ठोकलं. "या गृहस्थांचं अनुमोदन धरता येणार नाही. आणि अनुमोदनावाचून प्रस्ताव पडेल."

 आयुष्यात पहिल्यांदा सावळारामाच्या डोळ्यांदेखत ठराव पडत होता, आणि तोही हर्षालीचा!

"त्याआधी माझा प्रस्ताव," हरकतवाले म्हणाले, "की सदर गृहस्थांना सन्मानाने बाहेर पाठवावं. अनुमोदन कुणाचं?"

कुणीच बोलेना. म्हाताऱ्याने सगळ्यांना जिंकलं होतं, आता त्याला बाहेर कोण काढणार? हरकतवाले एकटेच उभे. इकडे बघतात, तिकडे बघतात. सावळारामाला ते बघवेना. मांडणाऱ्याचं तोंड पडू नये! त्याचा हात आपोआप वर गेला. "माझं अनुमोदन!"

कुलगुरूंनी डोकं धरलं. "अहो आजोबा, तुमचं अनुमोदन चालत नाही!"

"मग मला भाईर कसं काढणार साहेब? दुसरं कुणी देईना की!"

सभागृह खदाखदा हसत असतानाच दार धाडकन उघडलं आणि आदेशसर आत आले. धापा टाकत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. आणि त्यांच्याबरोबर वास! एसटीचा पत्ता नाही म्हणून माणूस डिंभे धरणाच्या मासळीच्या टेम्पोतून आला होता. उशीर झालाय एवढंच त्यांना ठाऊक. दारातूनच त्यांनी ओरडून सांगितलं, "माझं अनुमोदन!"

"कशाला?" कुलगुरूंनी नाकाला रुमाल लावत विचारलं.

"जे काय असेल त्याला!"

झालं! एका दमात दोन्ही प्रस्ताव मंजूर. आण्याच्या केंद्राची शिफारस झाली, आणि सावळाराम बाहेर! आदेशसरांच्या जवळपास बसलेल्यांनी तर चर्चाही नको म्हणून सांगितलं, लवकर हात वर केले. केंद्राच्या बाजूने हरकतवाल्यांचाही हात वर होता, हे सावळारामाने जाता जाता बघून घेतलं.

मधल्या सुट्टीत कुलगुरू स्वतः व्हरांड्यात आले. "आजोबा, पुढच्या वेळी पदवी घेऊन या, मग बसा आत."

"माझं काय आता? पर नात येईल साहेब. तिला खुर्ची राखून ठेवा!" सावळाराम म्हणाला.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये तो प्रत्येकाला सांगत होता, "आख्ख्या पंचक्रोशीत ठराव करून भाईर काढलेला एकतरी माणूस हाय का? नुसतं हाकललं न्हाई मला, कायद्यानं काढलं!"

ठराव पुढे परीक्षा मंडळाकडे गेला, मग समिती आली, बाकं मोजून गेली, पाण्याची टाकी बघून गेली. पण केंद्र आलं! हर्षालीने माळ्यावरचं पोतं खाली काढलं, पुस्तकांवरची धूळ पदराने धोंडाबाईने पुसली.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी सावळाराम पुन्हा तोच फेटा बांधून, हातात नारळ घेऊन कॉलेजच्या फाटकावर हजर. केंद्राची पाहणी नको का करायला? फाटकात छातीवर बिल्ला लावून हनीफसर उभे होते.

"काका, परीक्षा चालू असताना बाहेरच्या माणसाला आवारात बंदी आहे."

"भाईरचा? मी? आवो सर, ह्ये केंद्र कुणाच्या अनुमोदनानं आलं?"

हनीफसर खाली बघत हळूच म्हणाले, "आदेशसरांच्या."

सावळारामाचा चेहरा उतरला. मग तो तडकला. "आसं हाय व्हय? मग मी माझं अनुमोदन मागं घेतो!"

"काका, तुमचं धरलंच नव्हतं, मागं काय घेणार?" सरांना हसू आवरेना. "बरं, रीतसर करू. सावळारामकाकांनी नारळ ठेवून घरी जावं, असा माझा प्रस्ताव आहे. अनुमोदन कुणाचं?"

फाटकापाशी जमलेले सगळे लगेच खाली वाकून चपला शोधू लागले. सावळारामाने विजयाने चौफेर बघितलं. आण्यात त्याच्याशिवाय अनुमोदन देणारं आहेच कोण?

"माझं अनुमोदन!"

मागून खणखणीत आवाज आला. नातीला दही-साखर भरवून रिकामी वाटी हातात घेऊन उभी होती... "धोंडाबाई सावळाराम, मुक्काम आणे!"

मुक्काम सांगायची काही गरज नव्हती. पण ठसका पाहिजे ना!