क्यू टिकवण्याची कार्यपद्धती

ज्या गुणाला आकडा नाही, तो गुण लेकरात असून नसल्यासारखाच. लातुरात शिकवणीच्या गल्लीत राहणाऱ्या कोणत्याही आईला हे समजावून सांगावे लागत नाही. म्हणून मी उर्वीला गो या खेळाच्या क्लासला घातले. काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा हा खेळ बुद्धी वाढवतो म्हणे. आम्हाला आवडली ती त्यातली श्रेणी.

नवखे पोर तिसाव्या क्यूवर असते. जिंकत गेले की आकडा उतरतो: एकोणतीस, अठ्ठावीस, असा एकपर्यंत. मग डान ही वरची श्रेणी लागते आणि आकडा पुन्हा एकपासून चढतो. (ही पद्धत काढणाऱ्यांना नातेवाईक नसावेत.) उर्वी बाराव्या क्यूवर आल्याचे मुदखेडच्या आत्याबाईंना फोनवर कळवले, तर म्हणाल्या, "अगं माय, तिसावरून बारावर आली? शिकवणी बदल की लगेच!"

दुसरा दोष जास्त गंभीर. हरत गेले की श्रेणी घसरते. यावर आमच्या पालक समितीने शास्त्रशुद्ध उपाय काढला: चांगली श्रेणी मिळालेल्या मुलाने खेळू नये. क्लासला यावे, हजेरी लावावी, पट पुसावा, इतरांचे डाव पाहावेत (दुरून). गेल्या चार महिन्यांत एकाही मुलाची श्रेणी घसरलेली नाही. यश शंभर टक्के. खेळ शिकवणारे रविकिरण सर तेवढे म्हणाले, "ताई, पण डाव?" सर नवीन आहेत.

उर्वी रोज विचारायची, "मम्मी, एकच डाव खेळू?" मी म्हणायचे, "प्रमाणपत्र हातात येऊ दे." हळूहळू तिने विचारणे सोडले. समितीने याची नोंद 'एकाग्रतेत वाढ' अशी केली.

परवा वाळलेले कपडे आणायला गच्चीवर गेले, तर ही शेजारच्या शिवकन्येसोबत पट मांडून बसलेली. शिवकन्या विसाव्या क्यूवर. अंतर आठाचे, म्हणून नियमाप्रमाणे तिच्या सवलतीच्या आठ सोंगट्या डावाआधीच पटावर. उर्वीनेच त्या मांडून दिल्या होत्या.

"हरलीस?" मी जिन्यातूनच विचारले.

"हाव! लई बेकार हरले," उर्वी खिदळली. "आता दुसरा खेळून राहिलो आम्ही. मधे बोलू नको ना."

चार महिन्यांत ती अशी हसली नव्हती. कपडे दोरीवरच ठेवून मी खाली आले. नियमाने समितीला कळवायला हवे होते. कळवले नाही.

तुम्हीही कुठे बोलू नका. आणि दुसरा डाव कोण जिंकलं, हे विचारायला तोंड उघडलंत ना आत्ता? या मग. समितीत मी सोडलेली जागा रिकामी आहे.