संघर्ष शोधणारे दिगूभावजी

तुमची गाडी येईतो जरा जवळ सरकून बसा बघू. आणि तो मोबाईल पालथा ठेवा. देवबागला येता, बोटीत बसून किंचाळता, माझ्या हातची सुरमई खाण्याआधी तिचा फोटो काढता आणि इथलं एकही माणूस न बघता परत जाता. ह्याला काय म्हणायचं? कुंपणापलीकडे आमचे दिगूभावजी राहतात, निदान ते तरी बघून जायचे होते!

परवा दुपारी असेच आले, चुलीपाशी उभे राहिले, दोन्ही हातांच्या बोटांची चौकट केली आणि तिच्यातून टोपात बघत बसले. मग पळीभर आमटी चाखून म्हणाले, "वयनी, चव बरी आसा. पण ह्यात संघर्ष खंय आसा?"

म्हटलं, "भावजी, ह्यात बांगडो आसा. त्याचो संघर्ष कालच संपलो."

दिगूभावजी बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात मॅनेजर होते. निवृत्त झाले आणि पाठोपाठ बायको गेली. अशा वेळी माणसं काशीला जातात. हे घाट चढून विद्यापीठात गेले. साहित्य, सिनेमा आणि सर्जनशील लेखन, असं एम.ए. करायला. म्हणजे नक्की काय, ते आमच्या वाडीत अजून कोणाला उमगलेलं नाही. मी सांगते, गोष्टी रचायला शिकतात. लोक विचारतात, मॅनेजर होते तेव्हा येत नव्हत्या काय?

पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर पोरं उठून उभी राहिली. ह्यांनीही त्यांना बसायला सांगितलं, एकेकाचं नावगाव विचारून घेतलं आणि खरोखरचे सर आले तेव्हा त्यांना उशीर का झाला ते विचारलं. पोरं अजून सरांपेक्षा ह्यांनाच जास्त वचकून असतात.

तर तिथे त्यांना शिकवलं की संघर्षाशिवाय प्रसंग उभा राहत नाही. झालं! सुट्टीत आंबोलीवरून येणाऱ्या गाडीतून उतरले की हे संघर्ष शोधत वाडीभर फिरणार. आमच्या जनाबाईला, ती मासे विकते, तिला म्हणाले की टोपली घेऊन माडाआडून पुन्हा चालत ये, आता उजेड बरा आहे. ती कसली ऐकते!

"मेल्या, कॅमेरो खंय आसा तुझो? बांगडे घेवचे आसत तर घे, नायतर वाट सोड!"

शेजारच्या मंगेशच्या मुलीच्या लग्नात तर कहर केला. दोन्हीकडची माणसं शहाणी, सगळं गोडीत चाललेलं. भावजींना ते बघवेना. हळूच नवऱ्याच्या मामापाशी जाऊन बसले. "तुमका टॉवेल-टोपी दिल्यानी काय?" मामाला तोवर आठवणही नव्हती. आठवण झाली तसा तो ताठ उठला आणि थेट मांडवाबाहेर गेला. मग त्याच्यामागे आठ-दहा माणसं, मुहूर्त टळायची वेळ, मुलीची आई रडते आहे, आणि हे खांबाला टेकून बोटांच्या चौकटीतून बघताहेत. मला म्हणाले, "आता कसो सीन उभो रवलो!" मंगेश अजून त्यांच्याशी बोलत नाही.

अशा माणसाने काय लिहावं? शेवटच्या सत्राला प्रत्येकाने आपला एक प्रसंग लिहून द्यायचा होता. तो पास झाला तरच पदवी. वर्षभर सांगत होते, वादळ घालणार, होडी बुडवणार, एक खूनसुद्धा डोक्यात होता. आणि लिहिलं काय? एक म्हातारा आणि त्याची बायको खाडीकडच्या मागच्या पायरीवर चहा पितात. ती विचारते, "चाय बरी झाली?" तो म्हणतो, "बरी." "आणखी होयी?" "अर्धी." मग दोघं खाडीकडे बघत बसतात. संपलं.

सरांनी कागद परत केला. ह्यात संघर्ष नाही, म्हणाले, बदलून आणा. मी हसले ते हसलेच! म्हटलं, बरी जिरली. पण भावजी हसले नाहीत. गणपतीच्या सुट्टीत घरी आले आणि चार दिवस पायरीवर कागद घेऊन बसून राहिले.

आता तुम्हांला म्हणून सांगते, त्यांची नि त्यांच्या बायकोची, सुलूची, भांडणं अख्ख्या वाडीला पाठ होती. ती चहा आणून खिडकीत आपटायची, हे उभ्याउभ्या घोट घेऊन विचारायचे, "साखर घातलंस काय नुसती दाखवलंस?" ती म्हणायची, "तुमची जीभच कडू, मी काय करू?" की झालं सुरू. ती गेली त्या दिवशीसुद्धा भांडण अर्ध्यावर टाकून देवळात गेली आणि तिथेच कोसळली.

म्हणून मी कुंपणावरून म्हटलं, "भावजी, तुमच्या घरात संघर्ष काय कमी होतो? ताच लिवा मगे. पास होशात."

मान वर न करता त्यांनी हातातल्या कागदावर बोट ठेवलं. "ती भांडणा करून झाली, वयनी," म्हणाले. "ह्या करूचा रवला."

मी आत गेले आणि उगीचच टोप घासत बसले.

प्रसंग त्यांनी एक शब्द न बदलता पुन्हा देऊन टाकला. सरांनी नापास केला. पदवी अडकली. पुढच्या सत्रात बदलून द्या म्हणालेत, हे म्हणतात बघू, पण बदलायचे नाहीत. वाडीत ज्याला त्याला सांगतात की विद्यापीठाला लेखन कळत नाही. सकाळी माझ्याकडे येऊन आमटीला नावं ठेवतात ते ठेवतातच.

पण दुपारी चार वाजले की स्वतः चहा करतात नि मागच्या पायरीवर जाऊन बसतात. मी बोलावलं तर म्हणतात, हंयच बरा आसा.

तर पुन्हा या एकदा. बोटीत नाही बसलात तरी चालेल, पण लवकर या, आणि चार वाजायच्या आत पोचा. चहा ते फार काही बरा करत नाहीत. पण पायरी चांगली रुंद आहे, दोन माणसं सहज बसतात.