औषध अजून उंदराचं आहे

आमच्या नलिनी मॅडम रस्त्यावरचा पाला तोंडात टाकतात. बकरी तरी आधी हुंगते. ह्या बाई डोळे मिटून सरळ चावतात आन् गोंदियाकडच्या आमच्या गोरेगावच्या भर बाजारात ओरडतात, "कडू! बाबाजी, काय जबरदस्त कडू आहे!" लोक मग माझ्याकडे पाहतात, कारण त्या माझ्या घरी भाड्यानं राहतात. एकट्याच.

गोंदियाच्या कॉलेजात मॅडम भुईनिंब नावाच्या कडू झुडपाचा अर्क आजारी उंदरांना देऊन पाहतात. रोग कोणता? जखमेचं विष रक्तात पसरते, अंग आतून पेटते, बीपी पडते, माणूस जाते.

मी म्हटलं, "मग जंतू मारा ना!"

"जंतूंना औषधं आहेत, बाबाजी. पण जंतूंच्या मागं लागून शरीर स्वतःलाच जाळत सुटतं, त्याचं काय?"

मले हसूच आलं. आमी कोहळी, तलाव बांधणाऱ्यांची जात. "हे तर आमच्या बोडीसारखं, लहान तलावासारखं झालं! मातीच्या पाळीत, बांधात, खेकडा घुसला, त्याले काढासाठी साऱ्या गावानं कुदळी मारल्या. खेकडा मेला, पण पाळच फुटली. तलाव गेला वाहून!"

मॅडम टुणकन उठल्या. "थांबा, थांबा! पुन्हा सांगा!" आन् वहीत लिवून घेतलं! "मला त्या कुदळी आवरायच्या आहेत, बाबाजी! भुईनिंब तेच करतो का, ते पाहून राहिले मी!"

शिकलेल्या माणसानं माझं बोलणं लिवून घेतलं! दुसऱ्या दिवसापासून मी शेताच्या बांधाबांधानं, धुऱ्याधुऱ्यानं फिरून भुईनिंब आणू लागलो. संशोधन आमचं दोघांचं आहे, असं साऱ्या गावाले सांगितलं.

मग धानाच्या रोवणीत माझ्या पायात बांबूचा खुंट घुसला. कोणाले सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी पाय भोपळ्यावानी सुजला, थंडी वाजून राहिली, दम लागून राहिला. पण कायले भ्यायचं? औषध तर घरातच!

"मॅडम, द्या तुमचा अर्क."

"नाही."

"काऊन? पाला तर मीच आणला!"

"ते अजून उंदराचं आहे. आणि उंदीरही सगळे वाचले नाहीत. दवाखान्यात चला."

"मी नाही येत. पाला वाटून बांधतो."

"माझी आईपण दोन दिवस पाल्यावरच होती," मॅडम म्हणाल्या. मग एकदम ओरडल्या, "उठ म्हणते ना, म्हाताऱ्या!"

मले म्हातारा म्हणाची गावात कोणाची छाती नाही. त्या रागातच उठून ऑटोत बसलो.

गोंदियाच्या दवाखान्यात दोन्ही हातांना सुया लागल्या. सिस्टरनं भरतीचा कागद आणला. मॅडम भरभर लिवून राहिल्या. घरमालक लिवलं असंन, म्हणून मी मान वाकडी करून पाहिलं. शाळा दुसरीपर्यंतच झाली, पण अक्षरं लावता येतात. पेशंटशी नातं, ह्याच्यापुढं लिवलं होतं, मुलगी.

नातं चुकलं, असं मी काही सिस्टरले सांगितलं नाही.