सोनेरी संत्र्याचा दक्षिणमुखी नियम

सक्करदऱ्याचे रुपराव सांख्यिकी खात्यातून निवृत्त झाले, तेव्हा जिल्ह्यातल्या शेळ्यांपासून शिलाई यंत्रांपर्यंत त्यांनी मोजलं नाही असं काही उरलं नव्हतं. मोजलं म्हणजे, मोजल्याची नोंद केली होती. शेळ्या सारख्या हलतात, आकडा एकदा लिहिला की हलत नाही, हे त्यांना नोकरीच्या सुरुवातीलाच उमगलं होतं. अशा मुरलेल्या माणसाला एका मोबाइल गेमने जेरीस आणावं, ही बाब गंभीरच म्हटली पाहिजे.

गेमचं नाव 'संत्रानगरी'. त्यात रोपं लावायची, पाणी द्यायचं, बगीचा वाढवायचा आणि आठवड्यातून एक पेटी उघडायची. पेटीत साधी संत्री निघतात. क्वचित एखाद्याला सोनेरी संत्रं निघतं आणि त्याच्या नावापुढे मुकुट येतो. त्या मुकुटाचा उपयोग काडीचा नाही. तरी अख्खा मोहल्ला त्याच्यामागे लागला होता, कारण मुकुट शेजाऱ्याला दिसतो. सोनेरी संत्रं कशाने निघतं, हे मात्र कंपनी सांगत नव्हती.

रुपरावांना मुकुट नव्हता. त्यांच्या पत्नीला, गोपिकाबाईंना होता. कुकरच्या शिट्टीची वाट पाहत ओट्याशी उभ्या असताना त्यांनी सहज बोट लावलं आणि हे पिवळं काय निघालं म्हणून फोन नवऱ्यापुढे धरला. रुपराव त्या दिवशी जेवले नाहीत. ज्याने जन्मभर जिल्ह्याला आकडे पुरवले, त्याच्या घरात मुकुट बायकोच्या डोक्यावर, हे त्यांना फार लागलं. एकदा सोनेरी संत्रं निघावं, मग डोळे मिटले तरी हरकत नाही, इथवर त्यांची मजल गेली.

त्यातूनच 'सोनेरी संत्रे शोध समिती' जन्माला आली. अध्यक्ष रुपराव, उपाध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक गणपतराव. खेळाडूंकडून माहिती गोळा करायची आणि कंपनीने लपवलेला नियम बाहेर काढायचा, असं ठरलं. पेटी उघडताना तोंड कोणत्या दिशेला होतं, पोटात काय होतं, असे शास्त्रीय प्रश्न तयार झाले. कोणी थापा मारू नये म्हणून प्रत्येकाने आपली पेटी रविवारी तलावाजवळ पोह्यांवर तर्री, म्हणजे झणझणीत लाल रस्सा, ओतून देणाऱ्या ठेल्यावर, साक्षीदारांसमोरच उघडावी असा ठराव झाला. ठेल्याच्या उत्तरेला नाली वाहते, म्हणून तिथली सगळी बाकं दक्षिणेकडे तोंड करून आहेत. वास टाळण्यासाठी केलेली ही सोय पुढे विज्ञानाच्या कामी आली.

माहिती जमली आणि रुपरावांनी चष्मा पुसून ती पुन्हा तपासली. ठेल्यावर सोनेरी संत्रं ज्याला ज्याला निघालं होतं, तो प्रत्येक जण दक्षिणेकडे तोंड करून बसलेला होता आणि प्रत्येकाच्या पोटात तर्री-पोहे होते. एवढा स्वच्छ निष्कर्ष शेळ्यांच्या वेळीही निघाला नव्हता.

गणपतरावांनी दबक्या आवाजात हरकत घेतली. दक्षिण ही यमाची दिशा, तिकडे तोंड करून खाऊ नये असं शास्त्र सांगतं, असं त्यांचं म्हणणं. त्यावर रुपरावांनी शांतपणे सांगितलं, की शास्त्राने किती माणसांची पाहणी केली होती, हे कुठे लिहून ठेवलेलं नाही. गणपतरावांनी हरकत मागे घेतली आणि पोह्यांवर आणखी तर्री मागवली.

शेजारच्या सोनिकाचा प्रश्न जरा अडचणीचा होता. "काका, मी बी इथंच बसून राहिली, तर्रीच खाऊन राहिली. मग मले काहून नाही निघत?"

"तर्री किती घेतली?"

"एक पळी."

"कमी पडली," रुपराव म्हणाले आणि सदर खेळाडूने अट अपूर्ण पाळल्याची नोंद झाली. पुढच्या रविवारी सोनिकाने दोन पळ्या घेतल्या, तेव्हा त्याही कमी पडल्या. तर्री पुरेशी होती की नाही हे पेटी उघडल्यावरच ठरत असल्यामुळे नियम एकदाही चुकला नाही. स्वतः अध्यक्षांना संत्रं निघत नव्हतं, म्हणून ते आता तर्री चहासारखी कपातून पिऊ लागले होते.

अशात गोपिकाबाईंना दुसरं सोनेरी संत्रं निघालं. घरी, उत्तरेकडे तोंड करून, एकादशीच्या दिवशी, शेंगदाण्याचा लाडू खाताना. समितीने त्यांच्याकडे लेखी खुलासा मागितला.

"खुलासा कायचा मांगता?" त्या म्हणाल्या. "पेटी उघडली, निघालं."

हा खुलासा असमाधानकारक ठरला. साक्षीदार नसल्यामुळे सदर संत्रं निघालंच नाही असं समितीने एकमताने ठरवलं. मग बायकोकडे तिरप्या नजरेने पाहत रुपरावांनी अहवालाच्या शेवटी स्वहस्ते एक कलम घातलं: नियमाला अपवाद नाही, वय, प्रकृती किंवा नातं पाहून कोणालाही सूट मिळणार नाही.

अहवाल गाजला. एके दिवशी रुपरावांचा भाचा पियूष, जो मिहानच्या आयटी पार्कात याच गेमच्या कंपनीत नोकरीला होता, घरी आला. साहेबांनी अहवाल मागवला आहे, म्हणाला. आपण कंपनीचं गुपित फोडलं, आता कोर्टकचेरी होणार, या भीतीने रुपरावांच्या तोंडचं पाणी पळालं.

"तसं नाही, मामाजी," पियूष म्हणाला. "ज्यानं गेम बनवला तो नोकरी सोडून गेला. कळमेश्वरकडे खरा संत्र्याचा बगीचा लावून राहिला अन् फोन उचलत नाही. सोनेरी संत्रं कशानं निघते, हे आमच्यात कोणालेच माहीत नाही. तुमचा अहवाल वाचून साहेबांचा जीव भांड्यात पडला."

कंपनीने वेळ न दवडता गेम अहवालाप्रमाणे दुरुस्त केला. आता तोंड दक्षिणेकडे आहे की नाही हे फोन तपासू लागला. पोह्यांवर लाल तवंग दिसल्याशिवाय आणि ते कॅमेऱ्यासमोर खाल्ल्याशिवाय पेटीत सोनेरी संत्रं येईनासं झालं. ज्या नियमाला आधी कशाचा आधार नव्हता, तो आता शंभर टक्के खरा झाला. समितीने अध्यक्षांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. सत्काराला उत्तर द्यायला रुपराव उठले आणि पोट धरून खाली बसले.

डॉक्टरांनी तर्री कायमची बंद केली. वासही घ्यायचा नाही म्हणाले. रुपरावांनी कंपनीकडे रीतसर अर्ज केला, की नियमाचा शोध लावणाऱ्या इसमास प्रकृतीच्या कारणास्तव साध्या पोह्यांवर संत्रं मिळावं. उत्तर तत्परतेने आलं. अहवालातील शेवटच्या कलमान्वये सूट देता येत नाही, क्षमस्व. सोबत कलमाची प्रत जोडली होती. अक्षर रुपरावांचंच होतं.

रविवारी ते ठेल्यावर दक्षिणेकडे तोंड करून बसले. पुढ्यात कोरडे पोहे होते. फोन 'तर्री अपुरी' एवढंच दाखवत होता. शेजारी गोपिकाबाई येऊन बसल्या. त्यांना नवऱ्याची कीव आली होती आणि रागही.

"पहिले कोणालेबी निघत होतं, उभ्या उभ्या," त्या म्हणाल्या. "कधी तरी तुम्हालेबी निघालं असतं. तुम्ही नियम शोधला अन् आपलंच दार बंद करून घेतलं."

रुपरावांनी कोरडे पोहे चमच्याने सारखे केले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"पण नियम तर खरा निघाला न वं," ते म्हणाले.

समितीचं सभासदत्व आता सर्वांसाठी खुलं आहे. अर्ज करण्याची गरज नाही. मॅचमध्ये विकेट पडू नये म्हणून जे सोफ्यावरून उठत नाहीत, मुलाखतीला जे तोच जुना शर्ट घालतात, त्यांना समिती पहिल्यापासून सभासदच मानते. वाचकहो, आपण त्यात बसत नाही असं आपल्याला वाटत असेल, तर आपली माहिती अपूर्ण समजून बाजूला ठेवण्यात आली आहे. आपल्याला तर्री कमी पडली.