कासार गल्ली पुढे सरकली

आमच्या मोहरखेड्याचा बेसबॉलचा संघ संगणकात खेळतो आणि त्याने मारलेले होमरन, म्हणजे कुंपणापलीकडे गेलेले फटके, गावात पडतात. संघातला एकही खेळाडू जन्माला आलेला नाही. चेंडू मात्र खरा असतो, पांढरा, लाल टाक्यांचा, आणि पडल्यावर बराच वेळ गरम राहतो.

मी कुमुद बाविस्कर, या संघाची व्यवस्थापक. शाळेत खेळ शिकवायचे. निवृत्त झाल्यावर नगरपालिकेने वाचनालयातला संगणक आणि संघ माझ्या हवाली केला. आमच्या नदीकाठच्या मैदानाची मापं जशीच्या तशी संगणकात आहेत, त्यामुळे संघ निवडायचा तर आधी मैदान समजून घ्यावं लागतं. बेसबॉलचा फलंदाज सगळा सामना एकाच कोपऱ्यात उभा राहतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा लांब फटका डावीकडे जातो, डावखुऱ्याचा उजवीकडे. आमची डावी बाजू आखूड आहे आणि तिला लागून सोनार गल्ली. उजवी बाजू लांबच लांब, तिकडून नदीचा वारा थेट तोंडावर येतो, आणि तिथे कासार गल्लीची मागची भिंत हेच कुंपण.

साहजिकच मी उजव्या हाताचे दांडगे फलंदाज भरले. बाहेरचे संघ मोहरखेड्याला यायचं म्हटलं की कां कू करू लागले. सोनार गल्लीत धड कौल राहिलं नाही. घराघरावर ‘येथे चेंडू पडला’ अशा पाट्या लागल्या, आणि त्या गल्लीतली माणसं चालतानासुद्धा जरा मान वर करून चालू लागली.

एक दिवस कासार गल्लीतले नथ्थूअप्पा वाचनालयात आले. पितळी भांडी घडवणारा माणूस, आवाज खणखणीत. सोबत त्यांची सून शोभा होती. तिचं माहेर सोनार गल्लीतलं.

“कुमुदताई, आमच्या गल्लीचं काय चुकलं?” अप्पांनी विचारलं.

“काही नाही हो अप्पा. वारा आडवा येतो, आणि तुमची बाजू लांब पडते.”

“आमची कौलं बघितली का? सगळी जागच्या जागी. पाहुणा आला की आधी वर बघतो, मग आमच्याकडे बघतो. काय सांगायचं त्याला?”

“माझ्या माहेरी देवघरात पडलाय,” शोभा म्हणाली. “आई अजून सांगते सगळ्यांना. मी सासरचं काय सांगू?”

मला त्यांचं दुःख कळत होतं. तरी मी स्पष्ट बोलले. “डावखुरे घेतले तर त्यांचे फटके भिंतीच्या अलीकडेच झेलले जातील. आपण हरू. एका गल्लीसाठी मी गावाला हरवणार नाही.”

“कितीने कमी पडतील?”

मी संगणकात पाहिलं. “साधारण दोन घरांच्या लांबीने.”

अप्पांनी सुनेकडे पाहिलं. तिने मान हलवली. “मग गल्ली तेवढी पुढे येईल,” अप्पा म्हणाले. “तुम्ही डावखुरे बघून ठेवा.”

मुख्याधिकाऱ्यांकडे मीही सोबत गेले. त्यांनी नियम काढून शांतपणे वाचले. “घर पाडायला परवानगी लागते, बांधायलाही लागते,” ते म्हणाले. “पुढे येण्याबद्दल इथे काही नाही. नळ तुमच्याबरोबर येणार आहेत का?”

“येणार आहेत,” अप्पा म्हणाले.

“आणि गटार?”

“तिचं अजून ठरत नाहीये.”

“ती मागे राहिली तर आरोग्य विभागाला कळवा,” साहेब म्हणाले आणि त्यांनी आम्हाला चहा दिला.

गुरुवारी सकाळी कासार गल्ली पुढे आली. फार आवाज झाला नाही. शोभाने मला नंतर सांगितलं की चुलीवर वरण उकळत होतं, ते हिंदकळलंसुद्धा नाही, फक्त खिडकीतून दिसणारं चिंचेचं झाड मागे गेलं. गटारही शेवटी आली. दुपारी मी संगणक लावला तर मैदानाची उजवी बाजू दोन घरांनी आखूड झाली होती.

मग मी डावखुरे शोधले. त्यातला नवसू तडवी मला पहिल्या नजरेत आवडला. बारीक अंगाचा, पण मनगटं अशी की बॅट हातात आपोआप फिरावी. अप्पा त्याला बघायला आले आणि पडद्यासमोर खुर्ची ओढून बसले.

“कुठल्या गावचा?”

“गाव नाही त्याला. आकड्यांतलाच आहे.”

“मग आता आमचा म्हणायचा,” अप्पा म्हणाले.

हंगामाचा शेवटचा सामना वडगव्हाणशी होता. जो जिंकेल त्याच्याकडे ढाल जाणार होती. वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. कासार गल्लीतली माणसं मात्र आलीच नाहीत, ती आपापल्या घरात वर बघत बसली होती. शेवटच्या डावात आम्ही एका धावेने मागे होतो. आमचा एक गडी धावेच्या वाटेवर बेसवर थांबला होता, म्हणजे होमरन बसला तर दोन धावा, आणि नवसू खेळायला आला. माझ्या मागून सोनार गल्लीतलं कोणीतरी म्हणालं, “ताई, अजून वेळ गेली नाही, आपला उजवा पाठवा.” मी नवसूला बदललं नाही.

दुसऱ्याच चेंडूवर त्याने बॅट फिरवली. चेंडू उजवीकडे उंच गेला, वाऱ्यातून गेला, भिंतीवरून गेला आणि पडद्याबाहेर नाहीसा झाला. आम्ही जिंकलो होतो. वाचनालयातल्या आरडाओरड्यात मी चप्पल शोधून कासार गल्लीकडे धावले.

गल्लीत सगळे दारात उभे होते. कौलं शाबूत होती. चेंडू गल्लीवरून पलीकडे गेला होता.

आम्ही मागे गेलो. जिथे आधी गल्ली होती तिथे आता मोकळी जमीन होती, घरांच्या जुन्या खुणा मातीत तशाच. अप्पा आधीच तिथे पोहोचले होते. चेंडू त्यांच्या पायाशी होता आणि त्यातून वाफ येत होती.

मला राहवलं नाही. “अप्पा, हा तर जुन्या भिंतीवरूनही गेला असता. गल्ली हलली नसती तरी चाललं असतं.”

“नसतं चाललं,” अप्पा म्हणाले. “सबंध गल्ली आपल्यासाठी पुढे आलेली बघितली त्याने. त्याशिवाय असं अंगात येत नाही कोणाच्या.”

व्यवस्थापक म्हणून मला ते पटलं.

शोभा खाली वाकून मातीवरच्या रेघा बघत होती. मग ती सरळ उभी राहिली. “मामंजी, ही आपल्या माजघराची भिंत. म्हणजे स्वयंपाकघरात पडलाय. अगदी चुलीजवळ.” एवढं बोलून तिने सोनार गल्लीच्या दिशेने एकदा पाहिलं.

अप्पांनी पागोटं नीट केलं. गाव जमू लागलं होतं, सोनार गल्लीतली मंडळीही येत होती. मी रेघेच्या अलीकडे थांबले होते.

“बाहेर का उभ्या कुमुदताई?” अप्पा म्हणाले. “आत या ना.”

मी चपला काढल्या आणि आत गेले.