लोखंड असेल तरच हिरवा

रस्ता वाहनांचा असतो. माणसं त्यावर केवळ सवयीने येतात. हे सत्य घाटकोपरच्या एका नाक्याला १९८७ साली, स्वतः विचार करणारा सिग्नल बसल्यावर उमगलं. हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांच्या तोंडाशी डांबराखाली तार पुरली होती. तारेवर लोखंड आलं की कोणी खोळंबलंय हे सिग्नलला कळे आणि तो हमरस्ता थांबवी. लोखंड नसेल तर कोणीही खोळंबलेलं नसे. (यंत्र खोटं बोलत नाही.)

अनुपमाचे वडील हमरस्त्यापलीकडच्या गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये होते. पेज निवलेली असली की ते भिंतीकडे तोंड फिरवत. पहिल्या दिवशी ती डबा घेऊन चाळीस मिनिटं उभी राहिली.

"लवूदादा, जरा गाड्या थांबवा ना."

लवू हवालदाराने एकोणीस वर्षं त्या गाड्या हातानेच थांबवल्या होत्या. आता त्याला स्टूल मिळालं होतं. "हात वर करूक बंदी हा गो. मशीनचो अपमान होता."

"ताई, माझ्यामागे चला," भंगारवाला दशरथ म्हणाला. त्याची हातगाडी तारेवर आली मात्र, सिग्नल हिरवा! हळूहळू त्याच्यामागे शाळेची पोरं, एक सुईण, एकदा तर अख्खी वरात रस्ता ओलांडून गेली. दशरथने भंगार विकणंच सोडलं. तेच लोखंड तो दिवसभर इकडून तिकडे नेई.

सिग्नलवर देखरेख ठेवणाऱ्या समितीचा तिमाही अहवाल समाधानकारक होता. गल्लीतून रोज अवजड वाहने: तीनशे बारा (सर्व एकच). पादचाऱ्यांची गैरसोय: निरंक. शिफारस: फूटपाथ काढून गल्ली रुंद करावी.

अनुपमाची तक्रार नव्हती. पेज गरम पोचत होती.

"आज कशातून आलीस गं?" वडील विचारत.

"अवजड वाहनातून, अण्णा."

ते हसत, आणि दोन चमचे जास्त जात.

श्रावणातल्या एका सकाळी नर्सिंग होमच्या गल्लीतून शववाहिनी निघाली. दशरथ हातगाडी घेऊन धावला, पण गरज पडली नाही. पुढचं चाक तारेवर टेकताच सिग्नल हिरवा झाला. अख्खा हमरस्ता अण्णांसाठी थांबला. लवू स्टुलावरून उठला आणि बंदी असूनही त्याने हात वर केला.

तेव्हा आपण फूटपाथवर तिष्ठत असाल, तर यंत्रणेला नावं ठेवू नयेत. ती प्रत्येकाची दखल घेते. आपलं वाहन अजून यायचंय, इतकंच.