हत्तिणीचा पाचवा पाय

माझ्या नजरेतून चूक सुटत नाही. हातात लग्नपत्रिका आली, तर मी आधी ऱ्हस्व-दीर्घ तपासतो, मग लग्न कुणाचं ते बघतो! त्यामुळे प्रकाशनसंस्थेत संपादक म्हणून रुजू होताच मालकांनी 'हत्तिणीचं पुस्तक' नव्या आवृत्तीसाठी माझ्याकडे सोपवलं, तेव्हा मला त्यात काही नवल वाटलं नाही.

ही हत्तीण म्हणजे आमच्या संस्थेची दुभती गाय! आजीनं आईला आणि आईनं लेकीला वाचून दाखवलेलं पुस्तक. चित्रं मोठी, शब्द मोजके. मालक म्हणाले, "जसंच्या तसं छापायचं. कशालाही हात लावायचा नाही."

हात लावू नका म्हटलं, की माझे हात शिवशिवतात. एका चित्रात हत्तीण नदीकाठी उभी होती आणि तिला चक्क पाच पाय होते! सोंड वगळून मोजले, तरी पाचच! दोन पिढ्या बाई पाच पायांवर उभी आहे आणि कुणाला पत्ताच नाही! मी संगणकावर जादा पाय अलगद पुसला, तिथे हिरवंगार गवत उगवलं आणि मालकांना सुखद धक्का द्यावा म्हणून गप्प बसलो.

पुस्तक दुकानांत पोचलं आणि फोन खणाणला.

"पाय कुठाय?" एक आजोबा गरजले.

"कुणाचा पाय?"

"हत्तिणीच्या चित्रातला!"

"आजोबा, हत्तीला चारच पाय असतात," मी समजुतीच्या सुरात म्हणालो.

"मला शिकवता? मी जनावरांचा डॉक्टर आहे!"

मग फोनांची रीघच लागली. एका बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "अख्खा वर्ग रडतोय. तुम्हीच येऊन गप्प करा!" मी प्रत्येकाला प्राणिशास्त्र समजावलं. जितकं समजावलं, तितके लोक चिडले!

वैतागून घरी आलो, तर बायको दारातच उभी.

"अहो, पिल्लाचा पाय तुम्ही पुसलात?"

"कुठल्या पिल्लाचा?"

तिनं आपली लहानपणची फाटकी प्रत माझ्यापुढे आपटली आणि पान उलटलं. पुढच्याच चित्रात हत्तिणीमागून पिल्लू उडी मारून बाहेर येत होतं! ते मी पाहिलं होतं हो, पण चुका शोधणारा माणूस गोष्ट कुठे वाचतो!

"गोष्टीतली हत्तीण विचारते, 'माझं बाळ कुठाय?' आणि आम्ही तो पाय दाखवून ओरडायचो, 'दिसलं, दिसलं!'"

आतून आलेल्या सासूबाई हळूच म्हणाल्या, "जावईबापू, ताप आला की ही तेच पान उघडून निजायची. म्हणायची, आईच्या मागे मीच लपलेय."

मी त्या लेकराला गवतात पुरलं होतं!

दुसऱ्या दिवशी मालकांच्या खोलीत पुस्तकाच्या चित्रकार आजी बसल्या होत्या. त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं.

"गवत छान उगवलंय," त्या म्हणाल्या. "पण माझं पिल्लू काय हवेत तरंगतंय?"

"चुकलो, आजी," माझ्या तोंडून कसंबसं निघालं.

त्यांनी तिथल्या तिथे नवा पाय काढून दिला. मालकांनी त्याचे चिकटकागद छापून घेतले आणि दुकानांतून परत आलेल्या प्रतींचा ढीग माझ्यापुढे लावला.

"पूर्वी अशा माणसाला हत्तीच्या पायी देत," मालक म्हणाले. "आम्ही तुम्हाला नुसते पाय देतोय. चिकटवा! यात चूक झाली, तर मात्र घरी बसायचं!"

गठ्ठे घरी नेले. बायको, सासूबाई आणि मी, तिघं पाय लावत बसलो. पाठीचा कणा मोडला, पण पुस्तकं पुन्हा दुकानांत गेली. फोन थंडावले. मला हायसं वाटलं.

आणि काल एका चिमुरडीचा फोन आला.

"काका, हत्तिणीच्या मागे दोन पिल्लं लपलीयेत!"

कुणीतरी एकाच हत्तिणीला दोनदा पाय लावला होता!

"पण पुढच्या पानावर एकच बाहेर येतंय. दुसरं कुठाय?"

"ते... अजून लपलंय, बाळ."

"मग बाहेर कधी येणार?"

मी मालकांच्या दाराकडे पाहिलं आणि फोन तोंडाशी धरून कुजबुजलो, "आमचे मालक घरी गेले, की!"